सासूबाईंचा आजार

विमलाबाईंना स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा घरातल्यांनी काळजी आपसात वाटून घेतली. मुलगा विनीतने डॉक्टरांशी बोलायचं काम घेतलं. मुलगी प्रीती ठाण्याला नौपाड्यात राहायची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती. आईचं झालं ते उद्या आपलंही होईल का, ही काळजी तिच्या वाट्याला आली. सून रसिकाच्या वाट्याला उरलेलं सगळं आलं. उरलेलं म्हणजे ऑपरेशननंतर छातीतून काढलेल्या नळीची बाटली रिकामी करणं, सुजलेला हात खालून वर हळूहळू चोळणं, आणि केमोनंतर काही पोटात ठरत नसताना वाटीवाटीने पेज भरवणं. तिने ते दीड वर्षं केलं आणि कुरकुरही केली नाही. चार वर्षांपूर्वी विमलाबाई गेल्या. तेराव्याला आलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या की सुनेने अगदी मुलीसारखं केलं. रसिकाला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं.

ही सून आली कुठून ते सांगायला हवं, कारण खरी गोम तिथेच आहे. विमलाबाईंचं माहेर कोपरीचं. धाकू हा त्यांचा सख्खा भाऊ, आणि रसिका ही धाकूची मुलगी. म्हणजे विनीतने मामाची मुलगी केली. आपल्याकडे या गोष्टीचं केवढं कौतुक! मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असतो म्हणे, जशी ती मामाच्या परसातली शेवग्याची शेंग. विमलाबाईंनी हिशेब उघड बोलून दाखवला होता. बाहेरची आणली तर दोन वर्षांत वेगळी चूल मांडेल. भाची आपल्या रक्ताची, म्हातारपणी आपलं करील. रसिका तेव्हा वीस वर्षांची होती. लहानपणापासून आत्याच्या मांडीवर जेवलेली, आत्याच्या घरी जायचं म्हटल्यावर तिला त्यात वावगं काही वाटलं नाही.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विमलाबाईंनी तिला बाजूला घेऊन बजावलं की आता आत्या म्हणायचं नाही, चारचौघांत बरं दिसत नाही, आई म्हणायचं. जी प्रीती तिला रसूताई म्हणून हाक मारायची ती वहिनी म्हणू लागली. विनीत "अरे विनीत" होता तो "अहो" झाला. कोपरीला तिचा भाऊ साईनाथ आपल्या आतेभावाला भावोजी म्हणू लागला. बघता बघता जुनं नातं सगळ्यांच्या तोंडातून गेलं, आणि तोंडातून गेलं की डोक्यातून जायला फार दिवस लागत नाहीत. पंचवीस वर्षांत विमलाबाई सासू होत्या, कडक होत्या, मीठ कमी पडलं की ताट सरकवायच्या. आत्या मांडीवर बसवते. या बाईंनी घरचे जेवत असताना तिला कधी खाली बसू दिलं नाही. रसिकानेही मग त्या दोन बाया मनात वेगळ्याच ठेवल्या.

विमलाबाई गेल्यानंतरच्या वर्षी डोंबिवलीत त्यांच्या भागातल्या महिला मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये स्तनाच्या कॅन्सरवर शिबिर ठेवलं. ठाण्याहून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. हा आजार कुणालाही होऊ शकतो, पण काही गोष्टींनी धोका वाढतो, असं सांगत त्यांनी एकेक गोष्ट समजावली. वाढतं वय. पाळी फार लवकर येणं आणि फार उशिरा जाणं. मूल न होणं किंवा तिशीनंतर होणं, अंगावर न पाजणं. पाळी गेल्यावर सुटलेलं वजन. दारू. आणि रक्ताच्या नात्यात कुणाला झालेला असणं, आईकडून तसंच वडिलांकडूनही. बायकांना मात्र यातलं काही नको होतं. एकीने काळ्या ब्रेसियरचं विचारलं, दुसरीने ब्लाउजमध्ये मोबाइल ठेवण्याचं, तिसरीने एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या वासाचं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दोघींना नाही म्हणून सांगितलं. वासाने इतर त्रास होतात, पण या आजाराचं त्याच्यावर बोट ठेवून सांगता येत नाही, म्हणाल्या.

रसिका मागे बसून एकेक गोष्ट स्वतःला लावून बघत होती. पाळी चौदाव्या वर्षी. मुलगा अनिमेष एकविसाव्या वर्षी झाला, दोन वर्षं अंगावर प्यायला. अंगाने काटकुळी. दारू तर नवऱ्यानेही लग्नातच काय ती घेतलेली. वडिलांकडून म्हटल्यावर तिने कोपरीचं घर डोळ्यांपुढे आणलं: वडील हार्टने गेले, आजोबांना शुगर. तिथे आत्या तिला दिसलीच नाही. आत्या कोपरीच्या घरात नव्हतीच, ती डोंबिवलीच्या घरात सासू होती.

बाहेर टेबलावर एक मुलगी प्रत्येकीला विचारत होती, नात्यात कुणाला हा आजार झालाय का. रसिका म्हणाली, "सासूबाईंना."

"सासूबाईंचा तुम्हाला कसा येईल काकू?" मुलगी हसून म्हणाली. "रक्ताचं नातं लागतं त्याला."

मागच्या बाईने सासूकडून दुसरं काय काय येतं ते सांगितलं आणि रांग खदखदली. रसिका सगळ्यांत जास्त हसली. त्या मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. पुढे सगळं कळल्यावर कितीतरी दिवस रसिकाला दुसरं काही नाही, ते हसणं आठवून स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटायची.

प्रीतीचं मात्र सगळं वेळच्या वेळी चाललं होतं. तिने दोन वर्षांपूर्वी रक्ताची जनुकांची तपासणी करून घेतली. त्यात काहीतरी निघालं म्हणे, दरवर्षी मशीनमध्ये जाऊन छातीचे फोटो काढावे लागणार म्हणे. रसिकाला एवढंच सांगण्यात आलं. प्रीतीला त्या मशीनची धास्ती वाटायची, म्हणून सोबतीला वहिनी. दोन्ही वर्षं रसिका डोंबिवलीहून डबा घेऊन नौपाड्यातल्या त्या सेंटरवर गेली. आत धातूचं काही चालत नाही, तेव्हा प्रीती मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं उतरवून तिच्या ओंजळीत द्यायची. रसिका दागिने पदरात बांधून बाहेर बसायची आणि आत नणंदेचं सगळं नीट निघू दे म्हणून नवस बोलायची. नवस तिचा खरा होता, त्यात खोट नव्हती. निघालंही नीट.

गाठ तिला गेल्या पावसाळ्यात अंघोळ करताना हाताला लागली. डाव्या बाजूला, काखेच्या अंगाला, हरभऱ्याएवढी, न दुखणारी. दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही, असं तिने ठरवलं. वास्तविक सासूबाईंचीही दुखत नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण सासूबाईंचं आपल्याला लागू नाही, हे तर हॉलबाहेर सगळ्यांदेखत ठरलं होतं. गणपती झाले. दिवाळीचा फराळ झाला. अनिमेषची नवी नोकरी लागली. एकदा तिने विनीतच्या कानावर घातलं, तेव्हा तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला की पाळी जायच्या वयात होतं असं, प्रीतीला विचार एकदा. प्रीतीला विचारायचं राहून गेलं. काखेत दुसरी गाठ आली तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली.

ठाण्याच्या हॉस्पिटलात तपासणीचा निकाल आला तो तिसऱ्या टप्प्याचा. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी कागद पुढे ओढून नात्यांचं झाड काढायला घेतलं: बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. विनीत शेजारी बसला होता. आई? गुडघेदुखी सोडून काही नाही. मावश्या? ठणठणीत. रसिकाने सवयीने सांगितलं की सासूबाईंना झाला होता, आणि लगेच स्वतःच म्हणाली, पण त्याचा संबंध नाही. बाईंनी मान हलवली. वडिलांची आई कशाने गेली? तरुणपणीच गेली, छातीला गळू होऊन चिघळलं होतं असं म्हणायचे. बाईंनी एक गोल काळा केला. वडिलांना बहिणी किती?

"एकच," रसिका म्हणाली. मग ती थांबली. तिने विनीतकडे पाहिलं. विनीत टेबलावरच्या कागदाकडे बघत होता.

"त्या कशा आहेत?"

"ती गेली," रसिका म्हणाली. "तीच माझी सासू."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी विचारलं की आत्याच्या मुलांपैकी कुणाची जनुकांची तपासणी झाली आहे का. विनीतने खाकरून सांगितलं की बहिणीची झाली आहे, दोष निघाला आहे. कधी? दोन वर्षं झाली. तेव्हा रक्ताच्या नातेवाइकांना कळवायला सांगितलं असेल ना, बाईंनी विचारलं, भावंडांना, मामाच्या मुलांना? विनीत म्हणाला, हो, सांगितलं होतं, आम्ही कळवलं सगळ्यांना. आणि हे बोलताना तो आपल्या मामाच्या मुलीशेजारी बसला होता.

बाई आवाज न चढवता म्हणाल्या की हा दोष नसता तरी गाठ लागल्यावर लगेच यायला हवं होतं. ज्यांच्या नात्यात हा आजार कुणालाच नसतो अशाच बायका त्यांच्याकडे जास्त येतात. ते ऐकून विनीतला जरा धीर आल्यासारखा वाटला. त्याची ती सुटका झाल्यासारखी सुस्कारा टाकण्याची तऱ्हा पाहून रसिकाच्या अंगाचा तिळपापड झाला.

हॉस्पिटलातून ती घरी गेली नाही. रिक्षा करून ती नौपाड्याला प्रीतीकडे गेली, विनीत मागोमाग. प्रीतीने दार उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच ती रडायला लागली. रसिका सोफ्यावर बसली आणि तिने विचारलं की त्या वेळी डॉक्टरांनी कुणाकुणाला कळवायला सांगितलं होतं. प्रीतीने रडत रडत सगळं सांगितलं. तिने पहिल्यांदा विनीतला सांगितलं, तो सख्खा भाऊ. मग कोपरीला साईनाथला फोन केला, तो मामाचा मुलगा, त्याला मुलगी आहे म्हणून. मावशी नव्हतीच. झाले सगळे.

"आणि मी?" रसिकाने विचारलं.

वहिनी म्हणजे दादाच्या बाजूची, दादाला सांगितलं म्हणजे तिला कळलं, असं प्रीतीने धरलं होतं. विनीतने धरलं होतं की हे आईकडून पोरांना येणारं, म्हणजे त्याला आणि प्रीतीला. बायकोचा यात प्रश्न येतो कुठे. साईनाथला तिथल्या तिथे फोन लावला, तर तो म्हणाला की अगं, तू त्यांच्या घरातली, भावोजींनी सांगितलं असेल असं वाटलं मला. कुणी लपवलं नव्हतं. लपवलं असतं तर निदान कुणाच्या तरी ती लक्षात होती, असं झालं असतं. इथे तिघांनी तीन बाजूंनी नातेवाईक मोजले आणि तिन्ही वेळा ती मोजायची राहिली. सेवेला मात्र रक्ताची म्हणूनच आणली होती.

प्रीतीने तिचे हात धरले. "वहिनी, देवाशपथ सांगते, तू मला बहिणीसारखी होतीस गं."

"बहिणीसारखी नव्हते," रसिका म्हणाली. "बहीणच होते. मामेबहीण. हे 'सारखी' तुम्ही लोकांनी लावलंत."

प्रीतीने हात सोडले. विनीतने पाणी आणून दिलं, ते तिने प्यायलं नाही.

केमो सुरू झाली. बाटल्या, पेज, सुजलेले हात, सगळा क्रम तिला तोंडपाठ होता, फक्त करायला ती स्वतः नव्हती. तिच्या रक्ताच्या तपासणीत तोच दोष निघाला जो प्रीतीच्या निघाला होता. स्वयंपाकाला बाई ठेवली, ती भाजीत साखर घालायची. विनीत वाईट वागत नव्हता; तो औषधं आणायचा, डब्याला लेबल लावायचा, आणि रात्री टीव्हीसमोर असा गप्प बसून राहायचा की तिला त्याची कीव यायची आणि कीव आली म्हणून चीडही यायची.

तिसऱ्या केमोनंतर साईनाथ डोंबिवलीला आला. येताना मोसंबी, चेहऱ्यावर उगाच उत्साह. त्याची मुलगी ऋजुता बावीस वर्षांची, कॉलेज संपवून एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. ऋजुता अनिमेषला करायची हे दोन्ही घरांत ती परकरात असल्यापासून बोललं जात होतं, आणि खोटं कशाला बोला, सगळ्यांत जास्त बोलणारी रसिकाच होती. भाची घरात येणार म्हणून तिने साड्या घेऊन ठेवल्या होत्या. साईनाथ म्हणत होता की आता थांबायला नको, येत्या रविवारी कोपरीला साखरपुड्याचं पक्कं करून टाकू. आणि पुढे, अगदी मायेने, म्हणाला की तुझ्या आजारपणात घरात आपलं माणूस हवं. ऋजुता आत्याचं मनापासून करील.

रसिकाने मोसंबीची पिशवी बाजूला सरकवली. तिने विचारलं, "ऋजुताची तपासणी केलीस?"

साईनाथने इकडेतिकडे पाहिलं. पोरीच्या जातीला असलं काही चिकटलं की बाहेर वाऱ्यावर जातं, म्हणाला. पण अनिमेषशीच होतंय म्हटल्यावर बाहेर कळायचा प्रश्नच नाही, घरातल्या घरात राहील सगळं. त्याने हे सुटकेचं म्हणून सांगितलं. विनीतने मान डोलावली.

त्या दोघांना ती काय सांगणार होती? अनिमेषकडेही तो दोष असू शकतो, आणि पुढच्या पोरांच्या वाट्याला तो दोन्हीकडून येऊ शकतो, हे डॉक्टरीणबाईंनी विनीतसमोरच सांगितलं होतं. त्याच्या डोक्यात ते शिरलंच नव्हतं, कारण शिरलं असतं तर वीस वर्षं जुळवून आणलेलं मोडावं लागलं असतं. तिने रविवारी येते म्हणून सांगितलं.

रविवारी कोपरीच्या घरात पाहुणे असे नव्हतेच, सगळे घरचे. साईनाथची बायको रतन हिने शिरा केला होता. प्रीतीही आली होती, दाराशी खुर्चीच्या कडेवर बसली होती. अनिमेष नवा शर्ट घालून मोबाइल चाळत होता. ऋजुता मोरपंखी साडी नेसून आत्याच्या पायाशी येऊन बसली आणि तिने आपल्या हाताने रसिकाच्या डोक्यावरचा घसरलेला स्कार्फ नीट केला. गोरी, गुबगुबीत बोटं, अगदी विमलाबाईंची. रसिकाने तिचा हात धरून ठेवला. पोरीची काळजी एकट्या तिलाच वाटत होती, आणि ज्यांना वाटायला हवी होती ते सगळे शिरा खात होते.

रतनने नारळ आणला तेव्हा रसिका म्हणाली की हे लग्न होणार नाही. मग ती ऋजुताकडे वळली आणि तिने एकेक गोष्ट सांगितली, जशी कुणी तिला सांगायला हवी होती. तुझी पणजी याच्यानेच गेली, तिला गळू म्हणायचे. माझी आत्या याच्यानेच गेली, तिला आम्ही माझी सासू म्हणायचो. मला झाला आहे. माझ्यात जो दोष निघाला, तो तुझ्या आजोबांकडून आला. म्हणजे तुझ्या बाबांकडे असू शकतो आणि तुझ्याकडेही असू शकतो. असला तर घाबरायचं नाही, नेमाने तपासत राहायचं, वेळेवर कळलं तर माणूस जगतं. ही प्रीती बघ, जिवंत बसली आहे.

अनिमेषने मोबाइल खिशात ठेवला. प्रीतीने पदर तोंडाला लावला. साईनाथ उठून उभा राहिला. आजारी बाईचं डोकं ठिकाणावर नसतं, असं त्याने विनीतला उद्देशून म्हटलं. ज्या घरातून दिली त्या घरात येऊन पोरीचा नारळ मागे फिरवलास, आता या उंबऱ्याला पुन्हा लागू नकोस, असं त्याने रसिकाला सुनावलं. ती यासाठी तयारीने आली होती, तरी ते लागायचं तसं लागलंच. जन्माचं माहेर होतं ते.

ऋजुता मात्र बापाकडे बघत होती. "बाबा, प्रीतीआत्याने तुम्हाला कधी सांगितलेलं?"

रतननेच सांगितलं, दोन वर्षं झाली. नवऱ्याने गप्प राहा म्हणून दटावलं होतं, म्हणून राहिले, म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"अगं, लग्नानंतर बघू म्हटलेलं," साईनाथ म्हणाला. आवाज आता बराच खाली आला होता. "नवऱ्याच्या घरी गेलीस की मग तिकडचे करतील तपासण्या. आपण कशाला आधीच..."

"तिकडचे," रसिका म्हणाली. "तिकडचे म्हणजे मी ना दादा? आणि मी गेल्यावर कोण करणार?"

विनीत उठून गॅलरीत गेला. रतनने नारळ उचलून आत नेला आणि ती बराच वेळ बाहेर आली नाही. ऋजुता आत जाऊन आपली पर्स घेऊन आली. आत्या, आज रविवार आहे, सगळं बंद असेल, उद्या सकाळी कुठे यायचं ते सांग, म्हणाली. रसिकाने हॉस्पिटलचं नाव आणि कितव्या मजल्यावर जायचं ते सांगितलं. ऋजुताने ते दोनदा म्हणून घेतलं, आणि बापाने अडवायच्या आत आत्याला जिना उतरवायला तिने तिच्या दंडाखाली हात घातला.